बोधचिन्ह सर्वांना, रांग काहींच्याच दारात

मुंबई महापालिकेच्या शाळांचे ‘मुंबई पब्लिक स्कूल’ असे नामकरण झाले, त्याला आता काही वर्षे लोटली. नवे नाव आले, नवे बोधचिन्ह आले, इमारतींच्या दर्शनी भागावर नव्या पाट्या चढल्या, पुढे गणवेशही बदलला. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालणाऱ्या, संख्येने हजारावर असलेल्या शाळा एका नावाखाली आणण्याचा हा उद्योग होता. एवढ्या मोठ्या प्रमाणावर शाळांचा चेहरामोहरा बदलण्याचे काम आपल्याकडे क्वचितच कुणी हाती घेतले असेल. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. 2020 मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची आणि माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसईची महापालिका शाळा सुरू झाली. पुढच्या वर्षी सीबीएसईच्या आणखी दहा शाळांची भर पडली, त्यानंतर माटुंग्यात केंब्रिज मंडळाचीही शाळा निघाली. या शाळांसाठी जागांपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक सोडतीच्या निकालाकडे डोळे लावून बसले आहेत, हे चित्र मुंबईने कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. साहजिकच नव्या नावाचे आणि नव्या चिन्हाचे कौतुक झाले.

पण हे कौतुक नेमके कशाचे व्हायला हवे होते, हे तपासण्याची सोय या प्रयोगातच होती. नाव आणि बोधचिन्ह सगळ्यांना सारखेच मिळाले. मराठी माध्यमाच्या शाळेलाही तेच, उर्दूलाही तेच, कन्नडलाही तेच. मुंबईत महापालिकेच्या एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरतात, म्हणजे पाटी, प्रवेशद्वार, जिना, रंगरंगोटी हे सगळे सामाईक. नव्या ओळखीत खरोखर ओढून घेण्याची ताकद असती, तर तिचा थोडाफार लाभ या सगळ्या शाळांना मिळायला हवा होता. प्रत्यक्षात सोडतीची वेळ आली ती केंद्रीय आणि आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांवर. महापालिकेच्या मराठी शाळांची घसरण मात्र नामांतराने थांबली नाही. पालकांनी पाटी वाचली, पण निर्णय घेतला तो आत काय शिकवले जाणार यावर. त्यांचा केंद्रीय मंडळांकडचा ओढा योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे आणि तो घालायलाच हवा. इथे मुद्दा एवढाच की सामान्य पालक बोधचिन्हाला भुलत नाही. तो भुलेल असे गृहीत धरणारे लोक सभागृहांत आणि संस्थांच्या कार्यकारिणीत बसलेले असतात. शाळेची ओळख बदलणे हा सुधारणेचा शेवटचा टप्पा असायला हवा. आपण तो पहिला करतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो, हे माझे म्हणणे आहे.

यावर कुणी म्हणेल की, सीबीएसई हीसुद्धा एक पाटीच नाही का? अंशतः आहे. त्या तीन-चार अक्षरांचा मोह आपल्या मध्यमवर्गाला किती आहे, हे शहराच्या वेशीवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही नव्या शाळेचा फलक सांगेल. तरीही दोन प्रकारच्या पाट्यांत फरक आहे. मंडळाची संलग्नता दुसरे कुणीतरी देते, त्यासाठी अटी असतात, आणि त्या मोडल्या तर ती काढूनही घेता येते. सीबीएसईच्या शाळांना शिक्षकांचा तपशील, शुल्क, निकाल, इमारतीची प्रमाणपत्रे ही माहिती संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ती किती शाळा प्रामाणिकपणे भरतात हा प्रश्न आहेच, पण निदान जाब विचारायला जागा राहते. बोधचिन्ह शाळा स्वतःच स्वतःला बहाल करते. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडे जिल्हा परिषद शाळांना आयएसओ मानांकन मिळवण्याची लाट आली होती. गावागावांत लोकवर्गणी निघाली, प्रमाणपत्रे मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकटीत लागली. कार्यपद्धतीच्या नोंदी नीट आहेत का, हे ते मानांकन पाहते. तिसरीतल्या मुलाला वाचता येते का, हा त्याचा विषयच नाही. वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यांना ही गोष्ट कुणी समजावून सांगितली असेल असे वाटत नाही.

मुंबईतल्या पटवाढीचे श्रेय नव्या ओळखीला देताना आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. हा सगळा काळ करोनाचा आणि त्यानंतरचा. नोकऱ्या गेल्या, धंदे बसले, खासगी शाळांचे शुल्क परवडेनासे झाले आणि देशभरच मुले सरकारी शाळांकडे वळली. ‘असर’ या ग्रामीण भारताच्या सर्वेक्षणात सहा ते चौदा वयोगटातल्या सरकारी शाळांत असलेल्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होते, ते 2022 मध्ये 72.9 टक्क्यांवर गेले आणि 2024 मध्ये पुन्हा 66.8 टक्क्यांवर आले. एवढी भरती आली आणि ओसरली, तीही देशातल्या बहुसंख्य शाळांवरची पाटी तसूभरही न बदलता. महापालिकेने 2022 मध्ये एक लाख नव्या प्रवेशांची मोहीम काढली, शिक्षक वस्त्यावस्त्यांतून फिरले, त्याचाही वाटा मोठा. अशा वेळी यशाचा मोठा हिस्सा चिन्हाच्या खात्यावर जमा करणे म्हणजे उन्हातान्हात फिरलेल्या शिक्षकांवर अन्याय आहे.

या युक्तिवादावरचा सर्वात वजनदार आक्षेप प्रतिष्ठेचा आहे, आणि तो उडवून लावता येणार नाही. ‘म्युनिसिपालटीची शाळा’ हे शब्द मुंबईत काय अर्थाने उच्चारले जातात ते सर्वांना ठाऊक आहे. धुणीभांडी करणारी आई पोटाला चिमटा काढून मुलीला गल्लीतल्या खासगी इंग्रजी शाळेत घालते. तिथे शिकवणारी बाई बारावी पास असते आणि महापालिका शाळेतला शिक्षक प्रशिक्षित, पात्रता परीक्षा दिलेला असतो. हे माहीत असूनही ती तसे करते, कारण महापालिका शाळेच्या नावाला गरिबीचा शिक्का आहे. तो पुसण्यासाठी नवे नाव, नीटनेटका गणवेश, रंगवलेली इमारत यांची गरज नाही असे म्हणणे हा ज्यांची मुले त्या शाळांत जात नाहीत त्यांचा शहाजोगपणा होईल. महापालिका मुलांना वह्या-दप्तरांपासून बूट-छत्रीपर्यंत 27 वस्तू मोफत देते. त्या चांगल्या दिसाव्यात, मुलाला मिरवाव्याशा वाटाव्यात, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. आक्षेपाचा हा भाग मला मान्य आहे. मान्य नाही ते पुढचे गृहीतक, की शिक्का नावामुळे बसला होता आणि म्हणून नाव बदलले की जाईल. शिक्का बसला तो रिकाम्या पदांमुळे, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत कुठल्याही कामाला जुंपलेल्या शिक्षकांमुळे, बंद पडलेल्या प्रयोगशाळांमुळे आणि नगरसेवकापासून शिपायापर्यंत कुणीच स्वतःचे मूल तिथे न घातल्यामुळे. ही कारणे तशीच राहिली, तर नव्या नावालाही तोच शिक्का बसायला फार काळ लागत नाही.

उलट बाजूचा पुरावाही हेच सांगतो. जवाहर नवोदय विद्यालयांची सुरुवात 1980 च्या दशकाच्या मध्यावर दोन शाळांनी झाली, एक हरियाणातल्या झज्जरची आणि दुसरी आपल्या अमरावतीची. ‘नवोदयला लागला’ एवढे म्हटले की आज खेड्यातल्या कुणालाही पुढचे सांगावे लागत नाही. सहावीची प्रवेश परीक्षा, मोफत निवास, मोफत शिक्षण आणि वर्षानुवर्षांचे निकाल यांनी त्या नावात वजन भरले. नवोदयचे बोधचिन्ह कसे आहे असे विचारले तर शंभरातले नव्वद पालक गोंधळतील, आणि त्याने काही बिघडत नाही. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष मात्र सातारा-सांगलीकडे लहान मूलही ओळखते. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था स्थापली. सगळ्या जातीधर्मांची मुले एका छताखाली राहतात आणि एका पंगतीत जेवतात, अशी वसतिगृहे काढली. ती चालावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ने हजारो घरांतली पहिली शिकलेली पिढी तयार केली. वडाच्या झाडाला अर्थ आला तो या हकिकतींमुळे. एखाद्या रेखाटनकाराने हेच झाड कालपरवा निघालेल्या संस्थेसाठी कितीही सुबक काढून दिले, तरी ते झाडच राहील.

पाटी आणि काम यांची फारकत कशी होते, याचे याहून ताजे उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा लोकसहभागातून उभी राहिली, राज्यभर गाजली, आणि महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन झाल्यावर त्या मंडळाच्या ‘ओजस’ शाळांत तिची गणना झाली. आंतरराष्ट्रीय दर्जा, स्वतंत्र मंडळ, वेगळे नाव. सरकार बदलले आणि ते मंडळच गुंडाळले गेले. राज्यभरात ज्या शाळांनी मोठ्या अभिमानाने ते नाव लावले होते, त्या मुकाट्याने राज्य मंडळाकडे परतल्या. वाबळेवाडी उभी करणारे मुख्याध्यापक पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. पट इतका घसरला होता की शाळा बंद पडायच्या बेतात होती. त्या शाळेला 2025 मध्ये जागतिक पातळीवरच्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत सर्वाधिक लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पाटी तीच, ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’. आंतरराष्ट्रीय हे विशेषण एका जागी विरले आणि ज्या शाळेला ते कुणी लावलेच नव्हते तिथे जगाचे लक्ष गेले. एका शिक्षकाच्या कर्तबगारीवर धोरण उभारता येत नाही, हे खरे. पण सरकारने सुधारणा म्हणून काय विकत घ्यावे, हे या दोन शाळांकडे पाहून नक्की ठरवता येते. शिक्षकाला पाच-सात वर्षे एका जागी राहू देणे, त्याला माणसे जोडण्याची मोकळीक देणे आणि अशैक्षणिक कामांतून सोडवणे यासाठी छापखान्याची गरज लागत नाही.

नावाचा हट्ट वरून आला की तो किती लांब जातो, हे पीएम श्री योजनेने दाखवले. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये मंजूर केलेली ही योजना 14,500 शाळांसाठी आहे. पाच वर्षांचा एकूण खर्च 27,360 कोटी रुपये, त्यातला केंद्राचा वाटा 18,128 कोटी. भागाकार केला तर शाळेमागे सरासरी सुमारे 1 कोटी 89 लाख रुपये येतात. रक्कम लहान नाही आणि योजनेत प्रयोगशाळा, ग्रंथालये, कौशल्य शिक्षण अशा कामाच्या गोष्टी आहेत. महाराष्ट्राने 846 शाळांची निवड करून ती स्वीकारली. पण शाळेच्या नावाआधी ‘पीएम श्री’ लावायचे ही अट होती. खर्चाचा वाटा आम्हीही उचलतो, मग नाव एकट्या केंद्राचे का, असा सवाल पश्चिम बंगालने केला. तमिळनाडू आणि केरळचे आक्षेप राष्ट्रीय शिक्षण धोरणाशी निगडित होते. यात समग्र शिक्षा अभियानाचा पैसा अडकला, म्हणजे योजनेत नसलेल्या शाळांनाही झळ बसली. कोण बरोबर, कोण चूक हे बाजूला ठेवू. सामान्य शाळेच्या पगाराचा आणि पाठ्यपुस्तकांचा पैसा एका उपसर्गाच्या भांडणात सापडू शकतो, एवढे कळले तरी पुरे. दिल्लीत सरकार बदलल्यावर 2025 मध्ये ‘सीएम श्री’ शाळा आल्या. आधीच्या सरकारच्या विशेष शाळांची वेगळी नावे होती, ती मागे पडली. मूल पहिलीतून बारावीत जाईपर्यंत राज्यात दोन-तीन सरकारे येऊन जातात. प्रत्येकाने आपली पाटी लावायची ठरवली तर एका मुलाच्या गुणपत्रिकांवर तीन शाळांची नावे दिसतील आणि बाक तेच असेल.

छपाई आणि गणवेश यांचे केंद्रीकरण महाराष्ट्राने अलीकडेच करून पाहिले आहे. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत शाळा व्यवस्थापन समित्यांचा अधिकार काढून कापड वरून घ्यायचे आणि बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरले. 2024 चा स्वातंत्र्यदिन उजाडला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते, जे पोहोचले त्यांतले कित्येक मापात बसत नव्हते. वर्ष संपायच्या आत, डिसेंबरमध्ये, तो अधिकार समित्यांना परत द्यावा लागला. पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने बांधण्याचा निर्णयही असाच. दप्तराचे ओझे कमी होईल म्हणून 2023-24 पासून पुस्तके चार भागांत आली, दोन वर्षांत ती पाने रद्द झाली. या दोन्ही निर्णयांमागे वाईट हेतू होता असे मी म्हणणार नाही. पण शाळेत बदल झाल्याचे सर्वात लवकर कापडावर आणि कागदावर दाखवता येते, म्हणून सरकारचा हात आधी तिकडेच जातो. शिक्षक भरती रखडलेली छायाचित्रात दिसत नाही, चार लाखांचा रंग दिसतो. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख रुपये मिळाले. ज्या शाळेकडे आधीच सुंदर होण्याची ऐपत होती तिच्याच पदरात बक्षीस पडण्याची शक्यता जास्त, हे वेगळे सांगायला नको.

खासगी शाळांबद्दल थोडक्यात बोलता येईल, कारण तिथे हेतू लपलेला नसतो. संस्था नवे बोधचिन्ह काढते तेव्हा त्याचे बिल जाहिरात संस्थेला एकदा जाते आणि पालकांकडून अनेकदा वसूल होते. नव्या चिन्हाचा शर्ट, नव्या चिन्हाचा टाय, पट्टा, दप्तर, वह्यांची वेष्टने, दैनंदिनी, ओळखपत्राची दोरी. थोरल्याचा गणवेश धाकट्याला घालायची घरोघरची सोय त्या वर्षी संपते. हा खर्च शुल्कात धरला जात नसल्याने 2011 च्या शुल्क नियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे त्याची चर्चाही होत नाही. ठरावीक दुकानातूनच खरेदी करा अशी सक्ती शाळेला करता येत नाही, असे शासनाने वेळोवेळी बजावले आहे. पण ज्या चिन्हाचा कपडा एकाच दुकानात मिळतो तिथे सक्ती वेगळी करावी लागत नाही. इंग्लंडने 2021 मध्ये गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदा केला आणि त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांत शाळेच्या चिन्हाच्या वस्तू कमीत कमी ठेवायला सांगितले. आपल्याकडे शुल्क नियमनात एवढी एक दुरुस्ती झाली तरी निम्मी नवी बोधचिन्हे जन्मालाच येणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

आणि माहितीपत्रक? एप्रिल-मे महिन्यात दारात येऊन पडणारे कुठलेही तीन घड्यांचे गुळगुळीत पत्रक उघडून पाहावे. पहिल्या घडीवर नवे चिन्ह आणि एखादे इंग्रजी ब्रीदवाक्य. आत डिजिटल वर्ग, सीसीटीव्ही, कराटे, अबॅकस, रोबोटिक्स, वातानुकूलित बस. शेवटी दहावीतल्या गुणवंतांची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे आणि टक्के. त्यात सापडत नाही ते असे: एका वर्गात किती मुले, शिक्षक कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती, मागच्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, दहावीला बसण्याआधीच नववीत किती जणांना दाखला हातात देऊन वाटेला लावले. पालकाला हवी असलेली माहिती हीच आहे आणि ती एका पाठपोट काळ्यापांढऱ्या कागदावर मावते. अनुदानित मराठी शाळांचे आणि जिल्हा परिषदेचे मुख्याध्यापक यावर म्हणतील की, आमच्या शेजारी चकचकीत फलक असताना आम्ही फाटका कागद घेऊन दारोदार जायचे का? त्यांची अडचण खरी आहे. पट घसरला की संचमान्यतेत पद जाते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याला दूरच्या शाळेत पाठवतात. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत शिक्षक घरोघर जातात ते हौसेने नव्हे. त्यांनी चांगले पत्रक जरूर काढावे. पण त्यावर ‘आमच्या तिसरीतली सगळी मुले न अडखळता वाचतात, खात्री नसेल तर कोणत्याही दिवशी येऊन ऐका’ एवढे छापण्याची ज्या शाळेची तयारी आहे, तिला चित्रकाराकडे जायची गरज नाही. ज्या शाळेची तयारी नाही, तिने आधी पैसा कुठे घालायचा हे त्या एका वाक्यातच स्पष्ट होते.

शाळेच्या छापील साहित्यात सर्वात मोलाचा कागद कोणता, याचा विचार नवी ओळख घडवणारे सहसा करत नाहीत. तो कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्याचे मूळ असलेले जनरल रजिस्टर. रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, वर्तणूक, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा. जात पडताळणीसाठी माणसाला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधत फिरावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 1967 या वर्षांआधीचे पुरावे लागतात, आणि हातावर पोट असलेल्या कुटुंबांकडे तेवढा जुना एकच कागद असतो, शाळेतल्या नोंदीचा. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला निघाली तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरे उघडावी लागली, त्यांतले काही लिखाण मोडीत होते. कित्येक शाळांत ही रजिस्टरे वाळवी लागलेल्या कपाटात, पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी पडलेली असतात. कडा झडलेल्या, शाई उडालेली, शिवण सुटलेली. ज्या नोंदीवर एखाद्या मुलीचा वैद्यकीयचा प्रवेश अवलंबून आहे, ती पान उलटताना हातात तुटते.

नाव बदलले की या कागदांचा गुंता वाढतो. दाखल्यावर नवे नाव, जुन्या गुणपत्रिकेवर जुने, शिक्क्यावर तिसरेच, आणि पडताळणी समितीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने ही एकच शाळा असल्याचे प्रमाणपत्र आणायला पुन्हा शिक्षणाधिकारी कार्यालयात खेटे घालायचे. एक उपाय सोपा आहे. नाव किंवा चिन्ह बदलण्याचा कोणताही प्रस्ताव आला की शिक्षणाधिकाऱ्यांनी आधी दोन गोष्टी मागाव्यात: सर्व जनरल रजिस्टरांच्या स्कॅन केलेल्या प्रती, आणि शाळेच्या आजवरच्या सगळ्या नावांचा साक्षांकित तक्ता, जो प्रत्येक दाखल्याच्या मागे छापलेला असेल. त्यासोबत मंजूर पदे किती आणि भरलेली किती, याचा एका ओळीचा हिशेब. हे तीन कागद जोडलेले नसतील तर नव्या पाटीचा प्रस्ताव टेबलावरूनच परत पाठवावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.